अण्णांच्या फोटोखालची ओळ

नुकत्याच छापून आलेल्या फोटोला एक वास असतो; थोडा औषधी, थोडा कोऱ्या वहीचा. अर्धापूरच्या स्टँडजवळच्या स्टुडिओतून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो मोठा करून आणला, तेव्हा तो वास दिवसभर माझ्या पिशवीत दरवळत होता. सहावीच्या मराठीच्या तासाला मी असे फोटो नेते आणि मुलांना त्याखाली एक ओळ लिहायला सांगते. निबंध म्हटला की माना खाली जातात. पण एका ओळीचं भय कुणाला वाटणार? चित्र समोर असलं की लाजरे शब्दही आपण होऊन पुढे येतात. हा फोटो वर्गासाठीच आहे, असं निदान मी स्वतःला सांगितलं होतं.

फोटो वर्गात नेला त्या दिवशी अण्णांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट नांदेडहून यायचा होता. घरी बसवेना, म्हणून शाळेत आले. फोटो फळ्याला टेकवला. हे कोण, ते सांगितलं नाही. पांढरी टोपी, सरळ नजर, मिटलेले ओठ. आमच्या चौकातल्या फलकांवर माणसाचा एवढा मोठा फोटो बहुधा दोनच प्रसंगी लागतो, आणि चेहरा हसरा असेल तर तो वाढदिवस, हे मुलांना पाठ आहे. अण्णा हसत नव्हते. सानिकाने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

रागवायला तोंड उघडलं, पण रागावणार कुणावर? वर्षानुवर्षं पाकिटात पडून असलेला फोटो नेमका याच आठवड्यात मोठा करून ठेवावा, असं मला का वाटलं होतं? ती ओळ माझ्याच मनात होती. पोरीने ती फक्त कागदावर उतरवली.

“बाई, चुकलं का वो?” तिने भीत भीत विचारलं. पुन्हा नीट बघ, एवढंच मी म्हणाले. नाक फोटोला लागेल इतकी ती जवळ गेली, आणि परत येऊन तिने लिहिलं, ‘आजोबांच्या कॉलरला केळीच्या चिकाचा डाग आहे. आमच्या बाबांच्या पण आहे. तो धुऊन जात नाही.’ चार दिवस मी तो फोटो पाहत होते, आणि मला डाग दिसला नव्हता. मी फक्त चेहरा पाहत होते, निरोप घ्यावा तसा.

मधल्या सुट्टीत भावाचा फोन आला. “ताई, साधी गाठ हाय. भ्यायचं काई न्हाई.” व्हरांड्याच्या पायरीवर बसून मी मनसोक्त रडले.

संध्याकाळी अण्णांना दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. पहिलीला ते पोट धरून हसले. “पोरगी लई घाईची हाय,” म्हणाले. मग फोटो हातात घेऊन त्यांनी विचारलं, “एवढा मोठा कशाला केलास गं?”

वर्गासाठी, मी म्हणाले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “मग वर्गातच लाव. घरी इतक्यात नगं.”

फोटो आता वर्गात आहे. त्याचा कोरा वास केव्हाच उडाला. खाली सानिकाची दुसरी ओळ आहे. अण्णा रोज केळीच्या बागेत जातात, आणि काल बाहीवर नवा डाग पाडून आले आहेत.