डिस्क ‘नाही’ म्हणाली तेव्हा

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यात दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, ती लिहायची. आणि प्रत्येक डिस्कची तोंडी परीक्षा घ्यायची: तुला काय काय येतं?

पूर्वी ती अशी नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिच्या ड्रायव्हरने एका जुन्या डिस्कला हुकूम सोडला होता, ‘आलेलं लगेच पक्कं लिही.’ डिस्कने कळवलं, ‘ही सोय माझ्यात नाही.’ ड्रायव्हरने ते ‘नाही’ गिळलं आणि वर सांगितलं, ‘झालं.’ मग वीज गेली आणि पक्कं न झालेलं सगळं पुसलं गेलं. वारलेल्या मुलीचा आवाज त्या डिस्कवर साठवणारा बाप ऑफिसात आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “बाई, ‘साठवलं’ असं आलं होतं हो स्क्रीनवर.”

ते वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं. भाजी चिरताना, लेकीची वेणी घालताना, पाठीमागून कुणी हळूच बोलल्यासारखं यायचं. म्हणून नव्या ड्रायव्हरमध्ये तिने कडक नियम घातला: डिस्क ‘नाही’ म्हणाली की तिला दारच उघडायचं नाही.

आज सकाळी एका दवाखान्यातून परिचारिकेचा फोन आला. “अहो बाई, तुमचा नवा प्रोग्राम घातला आणि डिस्क उघडेना! पेशंट बेशुद्ध आहे. तिला कुठलं औषध चालत नाही, ते त्यातच आहे. विचारू कुणाला?”

शेजारचा सहकारी खुर्ची सरकवत आला. “नापास झाली म्हणून शाळेतूनच काढलीत होय? पूर्वीसारखं ते ‘नाही’ गिळून टाका, एका ओळीचं काम.”

“गिळणार नाही,” ती म्हणाली. “ऐकून घेईन.”

तो बाप खोलीतच उभा असल्यासारखं वाटत होतं. तिने चार ओळी बदलल्या. नसलेली सोय मागायची नाही; प्रत्येक लिखाणानंतर थांबायचं, परत वाचून बघायचं, आणि माणसाला खरं काय ते सांगायचं. फोन कानाशी धरूनच तिने बदल पाठवला.

“उघडली!” परिचारिका म्हणाली. “आणि हे काय आलंय? ‘या डिस्कमध्ये लगेच पक्कं लिहिण्याची सोय नाही. काम हळू होईल. वीज गेल्यास शेवटचं लिखाण जाऊ शकतं.’ आमच्या डिस्कची चुगली?”

“चुगलीच. आधी औषध बघा.”

फोन खाली ठेवल्याचा आवाज. धावती पावलं. “थांबा डॉक्टर! ते नका देऊ!” तिने फोन कानाशी घट्ट दाबला.

“बाई, आहात ना?” परिचारिका धापा टाकत होती. “त्याच औषधाची भरलेली सुई होती त्यांच्या हातात. वेळेवर थांबले.”

“आहे,” ती म्हणाली, आणि त्या चार ओळी परत वाचून बघू लागली.