थॉमसरावांचं पान

आयर्लंडमधल्या एका घराण्याच्या धर्माचा निकाल आमच्या गारखेड्यातल्या गच्चीवर लागला आणि तो एका कावळ्याने दिला. निकाल देताना त्याने माझं मत विचारलं नाही. शिक्षा मात्र मलाच झाली.

सुरुवात माझ्या मेहुण्याने केली. (आमच्या घरात सुरुवात नेहमी तोच करतो आणि शेवट माझ्या गळ्यात पडतो.) विलासचं गुलमंडीत कापडाचं दुकान. तिथं मॉरीन नावाची एक आयरिश बाई शाल घ्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली की तिचे खापरपणजोबा, थॉमस, घर सोडून फौजेत शिरले, इथल्या छावणीत आले आणि इथंच वारले. त्यांचा माग काढायला ती आली होती. विलासने शालीवर सूट दिली नाही, पण मला मात्र फुकट देऊन टाकलं.

"माझे दाजी शोधून देतील," तो म्हणाला. "त्यांनी स्वतःचं विसरलेलं कुलदैवत शोधून काढलंय."

(ते माझ्या चुलत्याने शोधलं होतं. मी फक्त जीपमध्ये बसलो होतो.)

बाईंची अडचण थडग्याहून मोठी निघाली. थॉमस जन्मले कॅथलिक. निघण्याआधी ते प्रोटेस्टंट झाले असं अर्धं घराणं म्हणायचं, मुळीच झाले नाहीत असं उरलेलं अर्धं. त्यावरून दोन्ही शाखा एकमेकांच्या मयतीलासुद्धा जात नव्हत्या. त्यात बाईंचे वडील नव्वदी ओलांडून अंथरुणाला खिळलेले. डोळे मिटण्याआधी थॉमसच्या नावाने एक प्रार्थना म्हणायची, एवढीच त्यांची इच्छा, पण कुठल्या पंथाची तेच ठरत नव्हतं. चुकीची म्हणून वर गेलो आणि तिथं थॉमस भेटला तर त्याला काय तोंड दाखवू, असं म्हाताऱ्याचं म्हणणं.

आईला मी हे समजावून सांगितलं.

"दोघं बी येशूचेच ना?" आई म्हणाली. "मग भांडण कशाचं?"

आम्ही धनगर. विलासला आमच्यातलाच दाखला सुचला. "आत्याबाई, आपल्यात कसं, हटकर येगळे, खुटेकर येगळे. तसं हाय ते."

"असं व्हय," आईला लगेच उमगलं. "मग सोयरीक जमत नसंल."

छावणीतली जुनी दफनभूमी आम्ही पालथी घातली. दगडांवरची अक्षरं ऊनपावसाने पुसून गेली होती. (त्या वर्षांत आमच्याकडे पाऊस नव्हताच, म्हणजे नुसत्या उन्हाने.) कॅथलिकांकडे विचारलं, तर ते म्हणाले पलीकडच्यांकडे असतील. पलीकडचे म्हणाले अलीकडच्यांकडे असतील. मेलेल्या माणसाची इतकी टोलवाटोलवी मी फक्त पेन्शनच्या कामात पाहिली होती. बाई विलासच्या शालीनेच डोळे पुसू लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना परत निघायचं होतं आणि मला खरंच वाईट वाटत होतं.

"उद्या काय हाय?" आईने विचारलं.

"सर्वपित्री."

"मग रडायचं कशाला? तिथी ठावं नाय, जात ठावं नाय. असल्यांसाठीच तर सर्वपित्री असती. पान वाढू. त्याला काय सांगायचं असंल ते कावळा सांगंल."

मी जन्मात जे भाषांतर केलं त्यातलं हे सगळ्यात अवघड. पण मॉरीनबाई एकदम खूष झाल्या. त्यांनी वडिलांना फोन लावला. म्हातारा म्हणाला, मलाही बघायचंय.

दुपारी गच्चीवर दोन पानं मांडली. एक माझ्या वडिलांचं, एक थॉमसरावांचं. खीर, वडे, कढी, भजी सगळं दोन्हीकडे सारखं. थॉमसरावांना जादा म्हणून उकडलेला बटाटा, आणि विलासने कुठून तरी आणलेली घोटभर व्हिस्की. आईने तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं. कठड्याला टेकवलेल्या फोनमध्ये उशीवरचा म्हातारा, डोक्यात लोकरीची टोपी घालून.

आता कावळा. गारखेड्यात पूर्वी शेतं होती, लिंबाची झाडं होती, कावळे होते. शेतांचे प्लॉट झाले, लिंबाच्या जागी पार्किंग आलं, आणि दुष्काळात उरलेसुरले कावळे पाणी बघत कुठे तरी निघून गेले. शेजारच्यांच्या टाकीचा नळ गळत होता म्हणून त्यावर एक टिकून होता. त्या एकट्याला अख्ख्या गल्लीचं आमंत्रण! प्रत्येक गच्चीवर एक पान, एक म्हातारी आणि "काव काव". मॉरीनबाईही ओरडू लागल्या. त्यांचा काव ऐकून कावळ्याने मान तिरकी केली, पण हलला नाही.

"दहाव्याला करतो तसं कबूल कर," आई म्हणाली. "काय राहिलंय मनात ते इच्यार."

मी हात जोडले. "थॉमसराव, तुम्ही कॅथलिक होता. आम्हाला मान्य आहे."

कावळ्याने पाठ फिरवली.

"बरं, प्रोटेस्टंट होता."

कावळ्याने चोच पुसली.

"दाजी, टेन्शन नका घेऊ," विलास म्हणाला. "आपलेच होते म्हणून बघा की."

आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो लगबगीने "काव काव" करायला लागला. ऊन कलायला लागलं. कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही, त्यामुळे माझ्या पोटातले पितरही ओरडायला लागले. फोनमधल्या म्हाताऱ्याने क्षीण आवाजात विचारलं, "काही कळलं का?" मॉरीनबाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि तोंड फिरवून घेतलं.

आणि खालून बायकोची हाक आली, "अहो, टँकर आलाय! चला लवकर!"

त्या काळात टँकरपुढे पितरांचं काही चालत नसे. बघता बघता सगळ्या गच्च्या रिकाम्या झाल्या. म्हाताऱ्यासुद्धा घागरी घेऊन धावल्या. मी मात्र भाषांतर करत तिथंच अडकलेलो. खाली पाइपाला माणसं झोंबलेली दिसत होती आणि टाकीवर तो पक्षी निवांत बसला होता. माझा तोल गेला.

"बाबा रे," मी ओरडलो, "तुझा धर्म कुठला का असेना! दर वर्षी तुझं पान मी वाढीन. आता शिव एकदाचा!"

कावळा सरळ आला आणि बटाटा उचलून गेला.

मॉरीनबाई रडत आईच्या गळ्यात पडल्या. म्हातारा फोनमधून विचारू लागला, कशावर आला, काय कबूल केलंत? मी जे बोललो ते सांगितलं. (ओरडलो ते सोडून.) म्हातारा म्हणाला, "जेवायला घालणारा विचारत नाही, तर मी कोण विचारणारा?" त्याने टोपी काढली आणि एकामागून एक दोन्ही प्रार्थना म्हटल्या. आम्हाला एकही कळली नाही, पण आईने दोन्ही वेळा हात जोडले. टँकर तोवर निघून गेला होता. बायको पुढचे काही दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मला आंघोळही नव्हती.

म्हातारा त्याच हिवाळ्यात गेला. मयतीला दोन्ही शाखा आल्या आणि शेजारी शेजारी बसल्या, असं बाईंनी कळवलं. सोबत त्याचा फोटो पाठवला. आईने तो फ्रेम करून, हार घालून, माझ्या वडिलांच्या शेजारी लावला.

मी शब्द पाळतो आहे. दर सर्वपित्रीला पान वाढतो. कावळा आधी बटाटा उचलतो, माझ्या वडिलांच्या वड्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते जिवंत असतानाही माझ्या हातचं त्यांना काही आवडायचं नाही, म्हणून मी मनावर घेत नाही.

परवा मुलीला बघायला पाहुणे आले होते. चहा झाला, पसंती डोळ्यांत दिसत होती. तेवढ्यात मुलाच्या बापाची नजर भिंतीवरच्या गोऱ्या, टोपीवाल्या म्हाताऱ्यावर गेली.

"हे कोण म्हणायचे?"

मी काही बोलायच्या आत विलास म्हणाला, "दाजींचं आयर्लंडकडचं घराणं."

पाहुण्यांनी चहाची बशी खाली ठेवली. पुन्हा फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग गंभीरपणे विचारलं, "हटकर का खुटेकर?"

मी उठलो आणि गच्चीवर जाऊन टाकीकडे बघून आलो. नेमका त्या दिवशी कावळा नव्हता.