डोकं आपटलं, तरी खेळायला उतरवलं

मंडळी, माझा राग अजून गेलेला नाही.

सकाळी शाळेच्या कबड्डी सामन्यात माझी आठवीतली गौरी डोक्यावर आपटली. उठली तर तोल जात होता. तरी खेळाच्या सरांनी तोंडावर पाणी मारून तिला परत उतरवलं. मी अडवलं, तर म्हणाले, "मॅडम, कुछ नहीं हुआ, कबड्डीत एवढं चालतंच."

मी तिला ओढून बाहेर काढलं. दवाखान्यात नेताना शनवारा चौकाजवळ रिक्षात ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "आई, सामना कधी आहे?" मग उलटी झाली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का बसलाय. लगेच दुसरा मार बसला असता, तर जिवावर बेतलं असतं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. वाटलं, तब्येत विचारतील.

"फायनलला येईल ना गौरी?"

उद्या मी शाळेत जाब विचारायला जातेय. तुमचीही पोरं तिथेच खेळतात. सोबत कोण येतंय?