कऱ्हाळे साहेबांचा अंदाज

कऱ्हाळे साहेब वाळूच्या ढिगाभोवती एकच चक्कर मारायचे. हात मागे बांधून, तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत. चक्कर पुरी झाली की ठेकेदाराच्या माणसाकडे न बघताच म्हणायचे, "पावणेदोन ब्रास. पावती अडीचची असंल." पावती अडीचचीच असायची.

बांधकाम खात्याच्या आमच्या कार्यालयात मी आरेखक म्हणून लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला असल्या एका ढिगासमोर उभं केलं आणि टेप हातात दिला. अर्धा तास घाम गाळून मी लांबी, रुंदी, उंची घेतली आणि कागदावर गुणाकार केला. उत्तर पावणेदोनच्या आसपासच आलं. मी ते सांगितल्यावर साहेब म्हणाले, "ठीक हाय माय. तुझा टेप बराबर हाय." मला इतका राग आला होता की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शाखा अभियंता म्हणजे काही फार मोठं पद नाही. वर दहा साहेब असतात. पण कऱ्हाळे साहेबांना अख्खा तालुका ओळखायचा, तो त्यांच्या अंदाजासाठी. झरी हे त्यांचं गाव. तिथं कुणाच्या घरी लग्न निघालं की मुलीचा बाप आधी आचाऱ्याकडे न जाता यांच्याकडे यायचा. साहेब दोनतीन प्रश्न विचारायचे, मुलगा कुठला, मुहूर्त किती वाजताचा, आणि सांगून टाकायचे, "साडेसहाशे पान उठंल. पण वरपक्षाची पोरं दोनदा बसत्येत, सातशेचं करा." काकू, म्हणजे त्यांची बायको, दारातूनच म्हणायच्या, "आमच्या ह्यांनी सांगितलं म्हंजे झालं. आता दुसऱ्याला इचारू नका." त्या बाईचा सगळा तोरा त्या एका गोष्टीवर होता. दागिने नव्हते, घर साधं, मूलबाळ नाही; पण नवऱ्याचा अंदाज चुकत नाही, हे त्या चारचौघांत सांगायच्या.

देवमाणूस वगैरे नव्हते हं ते. चिकट होते, एका पेनाची कांडी तीनदा भरून घ्यायचे. जीपमध्ये घोरायचे. ठेकेदाराचा चहा प्यायचे, वर भजी मागायचे. पाकीट मात्र घ्यायचे नाहीत. "पाकीट घेतलं की माझा आकडा हलतोय," म्हणायचे. "हललेला आकडा मला झोपू देत न्हाई, आन् माझी झोप मला लय प्यारी हाय." ते खरंच होतं, आणि जीपमधल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आता त्या चर्चबद्दल सांगते. परभणीपासून पाऊण तासावर, रुळाच्या अलीकडे एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथं निजामाच्या काळातलं एक लहानसं दगडी चर्च आहे. काळा दगड, चुन्याचं बांधकाम, वर छत पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. गावात ख्रिस्ती कुटुंबं तीसएक. त्यांचे पुढारी शमुवेल मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, दर महिन्याला एक अर्ज घेऊन आमच्याकडे यायचे. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची सरकारी योजना निघाली होती. तीत आमचं चर्च घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. प्रत्येक अर्जाची सुरुवात "आपल्या सेवेत सादर" अशी, आणि अक्षर असं की फळ्यावर लिहिल्यासारखं.

एकदाचं साहेबांनी पाहणीचं मनावर घेतलं. मी टेप धरायला. साहेबांनी आत शिरून भिंतींवर बोटांची पेरं आपटली, मग शिडी मागवून छताशी गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. मी खालून हाक मारली तर म्हणाले, "थांब, वाळवीशी बोलायलोय." वरून लाकूड धड दिसत होतं, पण कैच्या आतून पोकळ झाल्या होत्या. उतरल्यावर त्यांनी हात झटकले आणि मास्तरांना सांगितलं, "मास्तर, पोरं आत बसवू नका. येत्या दोनतीन वर्षांत हे खाली येतंय." मास्तरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "साहेब, माझा बाप्तिस्मा इथं झाला, लग्न इथं झालं. तुम्ही कसंही करा, पण हे वाचवा."

परतीच्या वाटेवर त्या दिवशी ते घोरले नाहीत. त्यांनी एक आकडा सांगितला. तो खरा आकडा होता, हे मी आज शपथेवर सांगेन. पण दुसऱ्या दिवशी मी अंदाजपत्रक टाईप करायला बसले, तेव्हा त्यांनी दिलेल्या कच्च्या कागदावर त्याच्या निम्माच होता.

"साहेब, हे निम्मं आहे."

"निम्मं न्हाई माय, सुरुवात हाय."

मग खुर्ची ओढून त्यांनी समजावून सांगितलं. खरा आकडा लिहिला तर मंजुरीचा अधिकार मुंबईला जातो. आणि आपल्याकडून मुंबईला गेलेली असली फाईल परत आलेली त्यांनी नोकरीत बघितली नव्हती. निम्मा लिहिला तर इथंच, विभागाच्या पातळीवर मंजूर होतं. "एकदा छत उतरवलं की सरकारला ते घालावंच लागतंय. उघडं चर्च कोण ठेवील? बोभाटा होईल की. मग सुधारित अंदाजपत्रक टाकू. सगळेच असं करत्येत." सगळेच करतात, हे खरं होतं. फक्त त्यांनी स्वतः तोपर्यंत कधी केलं नव्हतं. मी टाईप केलं.

मंजुरी आली. पेढे वाटले. छत उतरलं. कौलं मोजून अंगणात रचली, कैच्या खाली आल्या, आणि मग पैसे संपले. साहेबांनी सुधारित अंदाजपत्रक टाकलं, ते शेरे घेऊन परत आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा आलं. उघडं चर्च कोण ठेवील, असं साहेब म्हणाले होते. ठेवलं की. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. बोभाटाही झाला, पण तो उलटा. पेपरात आलं की दुरुस्तीचा खर्च दुपटीवर, अधिकाऱ्यांचे खिसे गरम. व्हॉट्सअॅपवर साहेबांचा फोटो फिरला. ताडपत्री फाटायची, भिंतीत पाणी मुरायचं, चुना धुऊन जायचा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर साहेब भिंतीला हात लावून म्हणाले, "आता माझा खरा आकडासुदिक खोटा झाला बघ." त्या वर्षी त्यांचं वजन उतरलं. प्रार्थना तोवर शमुवेल मास्तरांच्या ओसरीत होत होती, दाटीवाटीनं.

चौकशी लागली. औरंगाबादेहून अधिकारी येणार, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी मला टपरीवर नेलं. चहा सांगितला, भजी सांगितली नाहीत.

"तुला विचारतील. तुला काय माहीत न्हाई."

"पण मला माहीत आहे."

"ऐक की. जाणून कमी लिहिला म्हणलं, तर मूळ मंजुरीच खोटी पडती. काम रद्द. ठेकेदार पळतोय, आन् ते चर्च तसंच उघडं पडतंय, कायमचं. चुकून कमी लिहिला म्हणलं, तर सुधारित मंजुरीला वाट हाय. म्हणून मी चुकलो. समजलं का?"

"साहेब, तुम्ही चुकलात यावर विश्वास कोण ठेवणार?"

यावर ते हसले. "कागद ठेवतोय. कागदाला मी काय ठाऊक?"

त्यांचा जबाब मीच टाईप केला. 'सदर कामाचा अंदाज करताना माझी चूक झाली. माझा अनुभव कमी पडला.' चौतीस वर्षांची नोकरी असलेल्या माणसाचा अनुभव कमी पडला. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, मला माहीत नाही. आवाज कापला नाही, काही नाही. एखादं टेबल हलवावं तसं ते वाक्य मी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवलं. घरी गेले, स्वयंपाक केला, जेवले. रडायला यायला हवं होतं, असं नंतर खूप वेळा वाटलं. आलं नाही.

वेतनवाढी रोखल्या, पुढे पेन्शनीतूनही कापून घेतलं. निवृत्तीला निरोपसमारंभ झाला नाही. एका शुक्रवारी ते डबा घेऊन आले आणि संध्याकाळी डबा घेऊन गेले. झरीत लग्नांसाठी विचारायला येणारे थांबले. टपरीवरची टवाळ पोरं विचारायची, "साहेब, चहा कितीला? आन् सुधारित कितीला?" साहेब त्यांच्याबरोबर हसायचे. शमुवेल मास्तरसुद्धा एकदा मला अगदी मनापासून म्हणाले, "कऱ्हाळे साहेबांकडून मोठी चूक झाली. पण आमच्या मंडळीनं त्यांना क्षमा केली आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आम्ही." मी म्हटलं, बरं मास्तर. दुसरं काय म्हणणार होते?

दोन वर्षांनी सुधारित मंजुरी आली. साहेबांचा हिशेब तेवढा बरोबर निघाला. दुसऱ्या अभियंत्यानं काम पुरं केलं. नव्या कैच्या बसल्या, तीच कौलं वर चढली. मी फोन करून सांगितलं, साहेब, छत झालं. ते म्हणाले, "बिल निघालं का शेवटचं?" मी म्हटलं, नाही अजून. "मग गप बस. बिल निघंपर्यंत कुणाला काय बोलू नकोस. खरं फुटलं तर वसुली लावत्येत, लोक कोर्टात जात्येत. घोर लागतोय जिवाला." चर्च बघायला या म्हटलं, तर नको म्हणाले. ते शेवटपर्यंत तिकडे गेले नाहीत.

गेल्या वर्षी झरीत, सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता गेले. मी दहाव्याला गेले होते. लोक हळू आवाजात तेच बोलत होते, माणूस चांगला, पण शेवटी डोकं चाललं नाही. मी ऐकत उभी राहिले. बिल निघालं नव्हतं.

ते मागच्या महिन्यात निघालं. फाईल बंद झाल्याचा शेरा मी माझ्या डोळ्यांनी वाचला आणि पुढच्या रविवारी एसटीनं झरीला गेले. वाटेत मला जरा हलकंही वाटत होतं, हे कबूल करते. त्या बाईचा तोरा तिला परत द्यायचा, असं काहीतरी मनात होतं.

काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, पहिल्या आकड्यापासून. त्यांचा अंदाज चुकला नव्हता काकू, म्हटलं, कधीच चुकला नव्हता. जाणूनबुजून कमी लिहिला आणि चर्चसाठी चूक अंगावर घेतली. मला वाटलं त्या रडतील, किंवा शेजारणीला हाक मारतील.

त्यांचे हात थांबले. "मलाबी चुकलो म्हनूनच सांगितलं की त्येंनी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तुमच्या तोंडून बाहेर जाईल म्हणून भ्यायले असतील.

"मी रोज बोलले गं त्येंला," काकू म्हणाल्या. "पगार कापला, पेन्शन कापली, गावात तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवली तुमी, म्हनले. रोज. गेले त्या दिशी सकाळीबी. आंघोळीला उठले तवा मी म्हनले, पानी तरी अंदाजानं काढा."

मी तिथंच बसून होते.

"आन् ते हसायचे," काकू म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.