भाग्यश्रीने न सांगितलेलं नाव

आमच्या वरच्या मजल्यावरची भाग्यश्री ओव्हाळ त्या आठवड्यात इतक्या येरझाऱ्या घालत होती, की खाली आमच्या पंख्यालाही चक्कर यावी. दोन हजार सालची गोष्ट. धनकवडीत तेव्हा प्रत्येक घरातलं एकतरी मूल कॉम्प्युटरच्या कंपनीत लागणार होतं, निदान त्याच्या आईचं तसं म्हणणं होतं. भाग्यश्रीला मात्र खरंच पत्र आलं होतं. सोमवारी कॉलेजचा चारित्र्याचा दाखला नेऊन द्यायचा, एवढंच बाकी.

आणि बाईसाहेबांनी नेमकं तेव्हाच कॉलेजच्या भित्तिपत्रकात लिहिलं!

त्यांच्या कॉलेजची रीत अशी: मुलांनी हाताने लिहायचं, मराठीच्या सरांनी प्रत्येक पानावर सही करायची, मग शिपाई ते काचेच्या पेटीत लावून कुलूप घालणार. मुलांच्या कवितांना सर फार भीत. भाग्यश्रीने चार कवितांखाली आपलं पान सरकवलं. सरांनी पाचही पानांवर न वाचता सही ठोकली. पानात काय? नवे बारा कॉम्प्युटर वर्षभर खोक्यांतच पडलेत आणि प्राचार्यांना त्याचं काही पडलेलं नाही.

प्राचार्यांनी बोलावलं. "खोलीला कायम कुलूप असतं. बारा खोकी कोणी मोजून दाखवली? नाव सांग, दाखला घेऊन जा."

सांगितलं होतं गेनबा शिपायाने. "माझं नाव घालू नगं बरं का, पोरी," असं वर बजावून. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. (हे मला तो निवृत्त झाल्यावर त्यानेच सांगितलं.)

रविवारी मी वर गेलो. चौकशीला नव्हे हो, विरजण मागायला. तिचे वडील सुदर्शनराव टेलिफोन खात्यातले, घरात राज्यघटना वापरून वापरून मऊ झालेली.

"बाबा, बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कलम एकोणीस तुम्हीच पाठ करून घेतलंत ना?"

"अर्धंच पाठ केलंस. खालच्या पोटकलमात बंधनं आहेत, त्यात बदनामी आहे. खोकी का उघडली नाहीत, हे प्राचार्यांना विचारलंस?"

"नाही."

"मग त्यांना काही पडलेलं नाही, हे कोणी सांगितलं?"

"ते... माझंच."

मी म्हटलं, "अगं, नाव सांगून मोकळी हो. नोकरी आहे! कोण गं तो?"

"काका, तुम्हाला सांगण्यापेक्षा मी पेपरातच देते."

सोमवारी ती नवं पान घेऊन गेली. 'प्राचार्यांना न विचारता त्यांच्याबद्दल लिहिलं, ही माझी चूक. बारा खोकी मात्र आजही बंद आहेत.'

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "आणि नाव?"

"ते मी देणार नाही, सर."

"मग बाहेर बस."

बाकावर बसली ती पाचपर्यंत. दाखला मिळाला बुधवारी; जागा तोवर गेली.

सुदर्शनराव दोन दिवस कामावरून आले की राज्यघटना उघडून बसायचे. आत भाग्यश्री दुसऱ्या कंपनीचा अर्ज लिहायची आणि फाडायची. तिसऱ्या दिवशी ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले,

"अहो, तिने चूक कबूल केली आणि नाव दिलं नाही. तिच्या जागी मी असतो ना, तर नेमकं उलटं केलं असतं."