रक्तात नसलेली क्रिया

नववीचा विज्ञानाचा तास. सरांनी पाटलाच्या पोराला टेबलावर बसवलं, पाय लोंबते सोडायला लावले आणि गुडघ्याखाली तळहाताच्या कडेनं हलकेच मारलं. पाय उडाला. मग मला बोलावलं. माझ्यासाठी लाकडी पट्टी काढली. मला हात लावला असता तर सर बाटले असते.

माझाही पाय उडाला. "पाहा, विचार न करता आपोआप होते, ते प्रतिक्षिप्त क्रिया." एवढ्यावर थांबले असते तर व्याख्या पाठ करून मी गप्प बसले असते. पण त्यांनी एकदम हात उगारला. माझी मान खाली गेली.

"हे दुसरी. पाटील दिसले का या लोकायची मान आपोआप खाली जाते. रक्तातच हाय यायच्या."

वर्ग खो खो हसला. आमच्या बौद्धवाड्यातली त्या वर्गात मी एकटीच. लाज वाटली. लाजेपेक्षा राग आला, तोही स्वतःच्या मानेचा.

घरी पुस्तक उघडलं. प्रतिक्षिप्त क्रिया जन्मजात असते, शिकावी लागत नाही. शेजारच्या काकूचं तान्हं पोर मांडीवर घेतलं. तळव्याला बोट लावलं, त्यानं मूठ आवळली. मग त्याच्यावर हात उगारून पाहिला. ते हसलं. मला सगळं कळलं. मान खाली घालायला आम्हाला मारून मारून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी न बोलावता मी टेबलावर जाऊन बसले.

"सर, पुन्हा हात उगारा."

"काऊन वं?"

उगारला. मी मान हलवली नाही. मग मारलाच, गालावर. तेव्हा बाटले नाहीत.

"सर, हे रक्तातलं नाई. आमाले तुमीच शिकोलं."

आता मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. या रविवारी गावात सरांचा सत्कार आहे. फोन आला, "ताई, तुमी सरायच्या विद्यार्थिनी. दोन शब्द बोलजा." मी हो म्हटलं.

आई म्हणते, "म्हतारा झाला तो. जाऊ दे."

नाही जाऊ देणार. मला सूड हवा आहे आणि तो भर मांडवात हवा आहे. सरांच्या सुना, नातवंडं पुढच्या रांगेत असतील. त्यांच्यासमोर मी त्या तासाचा शब्दन् शब्द सांगणार. कोणी माइक बंद केला तर ओरडून सांगेन. सरांनी माफी मागितली तरी थांबणार नाही.