किल्लेदार मॅडमना पटलेलं प्रमेय

किल्लेदार मॅडमच्या खोलीत गेलं की त्या आधी स्वतःची खुर्ची रिकामी करायच्या. "बस इथं," म्हणायच्या आणि आपण समोरच्या लाकडी स्टुलावर मांडीवर वही घेऊन बसायच्या. "आता मी विद्यार्थिनी. शिकव." एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी गणिताचा प्रोजेक्ट त्यांच्याकडे मिळाला, तेव्हा हा प्रकार मला कुणी सांगितला नव्हता. मी हुबळीहून बस पकडून धारवाडला गाइडकडून शिकायला यायची, आणि गाइडच स्टुलावर! पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंची तब्येत बरी नसावी.

बरं, शिकवावं तर त्यांना काहीच कळायचं नाही. "हंगंद्र?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. म्हणजे काय, हे त्या नेहमी कानडीतच विचारत, मग मराठीत सांगत, "तू काय सांगायलीस तेच मला कळेना ग. परत सांग." तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना साधी व्याख्या कळत नाही, हे खरं मानायचं की नाटक? मी परत सांगायची, आणि सांगता सांगता सकाळपर्यंत मला जे कळलेलं असायचं तेही हातचं जायचं. परतीच्या बसमध्ये मी वही उघडून नुसती बघत बसायची.

विषयाचं तेच. मी दोन ओळींचं भारदस्त शीर्षक घेऊन गेले होते. त्यांनी त्यावर शांतपणे काट मारली. "आधी बाळ होऊ दे, मग बारसं. तुझ्या घरात रोज काय दिसतं ते सांग." जुन्या हुबळीतल्या आमच्या दोन खोल्यांत दिसण्यासारखं एकच होतं. आई साड्यांच्या पदरांवर कसूतीचं भरतकाम करायची. मी ते जरा लाजतच सांगितलं. मॅडमनी पहिल्यांदाच स्टूल पुढं ओढलं.

कसूतीत गवंती नावाचा टाका असतो. सुई एक टाका वर, एक टाका खाली अशी नक्षीभर जाते आणि माघारी येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरते. गाठ मारायची नाही, आणि पदर उलटला तरी नक्षी तीच दिसली पाहिजे. प्रश्न असा ठरला: कुठली नक्षी अशी भरता येते आणि कुठली येत नाही?

चार महिने मी त्या प्रश्नात गटांगळ्या खाल्ल्या. शेवटी मार्ग सापडला. प्रत्येक टाक्याचं एक टोक काळं आणि दुसरं पांढरं येईल, असे टोकांना कागदावर रंग द्यायचे. रंग नीट बसले तर नक्षी भरता येते, हे मी सिद्ध केलं. पण आडवा, उभा आणि तिरका असे तीन टाके मिळून त्रिकोण झाला की रंग बसत नाहीत. म्हणून तशी नक्षी गवंतीनं भरताच येणार नाही, हे माझं मुख्य प्रमेय. मॅडमनी त्यावर इतक्यांदा "हंगंद्र?" केलं की मला रडू यायचं बाकी राहिलं. आणि एके दिवशी त्या म्हणाल्या, "आता कळलं. पटलं." पानापानावर सही केली. त्या दिवशी बसमध्ये मला जागा मिळाली नाही, तरी मी हसत उभी होते.

प्रोजेक्ट द्यायला आठ दिवस उरले होते. तो गेला तर वर्ष गेलं, आणि वडिलांच्या निवृत्तीनंतर आणखी एक वर्ष शिकण्याची आमची ऐपत नव्हती. मी छापील प्रत घेऊन बाइंडिंगला निघाले, तर मॅडम म्हणाल्या, "भरणाऱ्या बाईंना विचारलंस काय ग?"

चार महिने आई माझ्यापासून दोन हातांवर बसून भरत होती आणि मी तिला म्हणत होते, "रेडिओ बंद कर, अभ्यास आहे." कसूतीवर प्रोजेक्ट, आणि विचारायचं मात्र आईला सोडून सगळ्यांना! तिचं शिक्षण सातवीपर्यंत, हे माझ्या मनात होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

रविवारी मॅडम स्वतः घरी आल्या. घडी घातलेला कागद आईपुढं ठेवून म्हणाल्या, "अक्का, एवढं भरता येतंय काय बघा की." कागदावर एकच त्रिकोण होता. आईनं चष्मा लावला. वर, खाली, वर. मग त्याच वाटेनं माघारी: खाली, वर, खाली. कापड उलटून दाखवलं. दोन्हीकडे त्रिकोण.

"यात न होण्यासारखं काय आहे मॅडम?" आई म्हणाली. "जसं गेलं तसं परत यायचं की."

रंग बसत नाहीत म्हणजे माझी सिद्धता तिथं चालत नाही, एवढंच. नक्षी चालत नाही असं कुठं होतं? तीन टाके घालून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या कापड सुलट-उलट करून बघत होत्या. धक्का बसला होता की समाधान होतं, मला सांगता येईना. त्या आईला एवढंच म्हणाल्या, "परत एकदा करून दाखवा, अक्का."

मला ते प्रकरण काढून टाकायचं होतं. मॅडमनी काढू दिलं नाही. "चुकलेलं पान फाडलंस तर पुढचं कुठनं आलं ते कुणाला कळणार?" मग उरलेल्या दिवसांत आईची माघारी येण्याची रीत मी कुठल्याही अखंड नक्षीसाठी सिद्ध केली. मॅडम रोज स्टुलावर होत्याच, आणि त्यांना रोज कळत नव्हतंच.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. "हे प्रमेय चूक आहे. चुकलेलं छापतात का? गाइडनी तपासलं नव्हतं?" वर्ष गेलं, असंच वाटलं.

मॅडम उभ्या राहिल्या. "तपासलं होतं सर. सही माझीच आहे. मलाही पटलं होतं. दोघीही चुकलो, आणि ज्यांनी दुरुस्त केलं त्यांचं नाव पुढच्या पानावर आहे." परीक्षकांनी पान उलटलं, आईचं नाव वाचलं, आणि पुढचे प्रश्न त्या सिद्धतेवर विचारले. मी पास झाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला खरंच पटलं होतं, की मला वाचवलंत?"

"वाचवायला तू बुडत होतीस काय ग?" म्हणाल्या आणि वर्गावर निघून गेल्या.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. मी आता कॉलेजात गणित शिकवते, आणि तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तीन टाक्यांची चूक त्यांना दिसली नसेल, हे पटत नाही. आणि दिसली असेल तर मला शिकवायला त्यांनी चार महिने वेड पांघरलं आणि शेवटी भर परीक्षेत, आयुष्यभराचं नाव पणाला लावून, त्या खोटं बोलल्या, हेही पटत नाही. दोन्हींपैकी एकच खरं असणार, हे मी रोज पोरांना फळ्यावर लिहून दाखवते. मॅडमना चूक दिसली होती आणि तरी त्या खोटं बोलल्या नाहीत, ही दोन्ही मात्र मला खरी वाटतात, आणि विचारायला त्या नाहीत.